अर्ज कोणी भरायचा आणि सही कोणी करायची

गेल्या पावसाळ्यात आमच्या कार्यालयातून गेलेल्या, अमेरिकेतील एका वैद्यकीय साहित्य पुरवठादाराच्या अर्जावर दुरुस्तीचे पत्र आले. अर्जात एकही रकाना रिकामा नव्हता, जोडलेली कागदपत्रे स्वच्छ वाचता येत होती, विम्याचे प्रमाणपत्र चालू मुदतीचे होते आणि हमीपत्राची रक्कमही बरोबर होती. तरीही अर्ज अडला, कारण शेवटच्या पानावर ज्या गृहस्थांनी सही केली होती त्यांना ती करण्याचा अधिकारच नव्हता. पत्रात ३० दिवसांची मुदत दिली होती. ज्या मुलीने तो अर्ज तयार केला होता ती त्या दिवशी डबासुद्धा न उघडता बसून राहिली. संध्याकाळी तिने मला विचारले, "ताई, माहिती सगळी खरी आहे, ते गृहस्थ त्या दुकानाचा सगळा कारभार पाहतात, मग अडलं कुठं?" मी तिला तेव्हा जे सांगितले ते अपुरे होते असे मला नंतर वाटत राहिले. तिच्यासारखी अनेक मुले-मुली आज सोलापुरात बसून परदेशातील दवाखान्यांची आणि पुरवठादारांची कागदपत्रे तयार करतात, आणि आपल्याकडच्या औषध व सर्जिकल पेढ्यांमध्येही हाच प्रश्न रोज उभा राहतो, म्हणून तो विषय येथे सविस्तर मांडते आहे.

माझ्याविषयी आवश्यक तेवढेच सांगते. वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यावर सुमारे वीस वर्षे मी नव्या पेठेतील सर्जिकल मालाच्या एका घाऊक पेढीत हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळला. त्यानंतर सात रस्त्याजवळच्या एका लहानशा कार्यालयात अमेरिकेतील वैद्यकीय साहित्य पुरवठादारांचे नोंदणी अर्ज तयार करण्याचे काम हाती घेतले, ते आजही करते. दोन देशांचे कायदे वेगळे, अर्जांची नावे वेगळी. पण सहीच्या जागेपाशी माणसे ज्या चुका करतात त्या मात्र सारख्याच, हे मी दोन्हीकडे पाहिले आहे.

मेडिकेअर ही अमेरिकेची सरकारी आरोग्य विमा योजना आहे. तिचा कायदा १९६५ साली झाला आणि प्रामुख्याने ६५ वर्षे व त्याहून अधिक वयाचे नागरिक तिच्या कक्षेत येतात. चाकांची खुर्ची, घरी वापरायचे ऑक्सिजन यंत्र, वॉकर, कृत्रिम पाय, रक्तातील साखर तपासण्याच्या पट्ट्या अशा वस्तू रुग्णाला देऊन त्याचे बिल मेडिकेअरकडे पाठवायचे असेल, तर पुरवठादाराला आधी नोंदणी करावी लागते आणि त्यासाठी सीएमएस-८५५एस नावाचा अर्ज भरावा लागतो. अशा पुरवठादाराने पाळायचे ३० मापदंड नियमांत क्रमवार दिले आहेत. दुकानाची जागा किमान २०० चौरस फूट असावी, किमान ३ लाख डॉलरचा दायित्व विमा असावा, ५०,००० डॉलरचे हमीपत्र असावे, या अटी त्या यादीत आहेतच. परंतु त्या सर्वांच्या आधी, तिसऱ्या क्रमांकावर, सहीची अट आहे. ज्याची सही पुरवठादारावर बंधनकारक ठरते अशा अधिकृत व्यक्तीनेच नोंदणीच्या अर्जावर सही केली पाहिजे, असे तो मापदंड सांगतो. येथे 'बंधनकारक' हा शब्द महत्त्वाचा आहे. अर्ज कोणाला अधिक चांगला समजतो, दुकानात सकाळी सर्वांत आधी कोण येते, मालकाचा कोणावर अधिक विश्वास आहे, यांपैकी कशाचीही तेथे विचारणा नाही. या माणसाने सही केली तर संस्था कायद्याने आणि पैशाने बांधली जाते का, एवढाच प्रश्न आहे.

ज्याच्या सहीने संस्था अशी बांधली जाते त्याला तेथील नियमांत अधिकृत अधिकारी म्हणतात. मुख्य कार्यकारी अधिकारी, मुख्य वित्त अधिकारी, भागीदारीतील सर्वसाधारण भागीदार, संचालक मंडळाचा अध्यक्ष किंवा थेट मालक ही त्याची उदाहरणे नियमातच दिली आहेत. संस्थेने त्याला तीन गोष्टींचा अधिकार दिलेला असावा लागतो: संस्थेची योजनेत नोंदणी करणे, त्या नोंदणीत बदल करणे, आणि संस्था योजनेचे सर्व कायदे व नियम पाळील असे वचन तिच्या वतीने देणे. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत जड आहे, आणि पहिल्या दोन गोष्टींचे काम करणारी माणसे नेमकी तीच विसरतात. एकट्या मालकाचा व्यवसाय असेल तर मालकालाच सही करावी लागते. डॉक्टर स्वतःच्या नावाने नोंदणी करत असेल तर डॉक्टरलाच. तेथे मधला माणूस चालत नाही.

याखेरीज एक दुसरे पद आहे, ते प्रतिनियुक्त अधिकाऱ्याचे. अधिकृत अधिकारी आपल्या सहीने त्याला नेमतो आणि नोंदणीत पुढे होणारे बदल कळवण्याचा अधिकार त्याच्याकडे सोपवतो. पत्ता बदलला, दूरध्वनी बदलला, नवा व्यवस्थापक आला, तर हे बदल पुरवठादाराने ३० दिवसांच्या आत कळवायचे असतात आणि प्रत्येक वेळी मालकाला शोधत बसणे शक्य नसते, म्हणून ही सोय आहे. मात्र पहिल्या नोंदणीच्या अर्जावर प्रतिनियुक्त अधिकाऱ्याची सही चालत नाही. आणि हे पद कोणालाही देता येत नाही: त्या माणसाचा संस्थेत मालकीचा किंवा नियंत्रणाचा हक्क असावा लागतो, म्हणजे पाच टक्के किंवा अधिक मालकी, संचालकपद, भागीदारी असे काही तरी; नाहीतर तो संस्थेचा स्वतःचा पगारी व्यवस्थापकीय कर्मचारी असावा लागतो.

आमचा अर्ज याच ठिकाणी अडला होता. दुकानाचा पत्ता बदलला होता आणि तो बदल कळवणाऱ्या अर्जावर प्रतिनियुक्त अधिकारी म्हणून सही करणारे गृहस्थ दुकानाचा सगळा कारभार खरोखरच पाहत होते. पण ते दुकानाचे नोकर नव्हते, एका सल्लागार संस्थेमार्फत करारावर आलेले होते. ज्याला नियोक्त्याकडून डब्ल्यू-२ हे वार्षिक वेतनपत्र मिळते तोच तेथे पगारी कर्मचारी. आपल्याकडे पगारदाराला फॉर्म १६ मिळतो आणि फी घेऊन काम करणाऱ्याला फॉर्म १६ए मिळतो, तसाच हा भेद आहे, असे सांगितल्यावर आमच्या मुलीला तो लगेच समजला. यात आणखी एक बारकावा आहे, ज्यामुळे अनुभवी माणसेही फसतात. व्यवस्थापकीय कर्मचारी म्हणून ज्यांची नावे अर्जात दाखवावी लागतात, त्यांत करारावरील व्यवस्थापकही येतो. त्याचे नाव लपवणे हीच चूक ठरेल. परंतु नाव दाखवणे वेगळे आणि सहीचा अधिकार देणे वेगळे. त्या गृहस्थांचे नाव व्यवस्थापकांच्या यादीत असणे बरोबर होते, सहीच्या रकान्यात असणे चूक होते. एकाच माणसाविषयी एकाच अर्जातली एक नोंद योग्य आणि दुसरी अयोग्य, हे नवशिक्याच्या लक्षात आले नाही यासाठी मी तिला दोष देत नाही; ते मी तपासायला हवे होते.

प्रतिनियुक्त अधिकारी आपला अधिकार पुढे तिसऱ्याकडे सोपवू शकत नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. हे तत्त्व आपल्याला परके नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १९० मध्ये तेच आहे: जे काम स्वतः करण्याचे प्रतिनिधीने स्वीकारले आहे ते त्याने, व्यवसायाची रूढी किंवा कामाचे स्वरूप तशी मुभा देत नसेल तर, दुसऱ्याकडून करवून घेऊ नये. विश्वास एका माणसावर टाकलेला असतो. तो पुढे ढकलत नेला की शेवटी सही करणारा आणि मूळ विश्वास ठेवणारा यांची ओळखही उरत नाही.

आमच्यासारख्या अर्ज तयार करणाऱ्यांचे स्थान यात कोठे, हा मुलांचा नेहमीचा प्रश्न असतो. पुरवठादाराने परवानगी दिली तर आम्ही त्याच्या वतीने संगणकीय प्रणालीत जाऊन माहिती भरू शकतो, कागदपत्रे जोडू शकतो, अर्जाची स्थिती पाहू शकतो. सहीसाठीचा संदेश मात्र ज्याची सही हवी त्याच्याच ई-मेलवर जातो, आणि मोहाची जागा तीच आहे. कित्येक मालक अगदी भल्या मनाने सांगतात की, "तुमच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे, हा पासवर्ड घ्या आणि तुम्हीच उरकून टाका." त्यांच्याकडे दुपार असते, आपल्याकडे मध्यरात्र, कामे साचलेली असतात आणि नाही म्हटले तर ग्राहक दुखावेल अशी भीती असते. तरीही नाही म्हणायचे, हा आमच्या कार्यालयाचा नियम आहे आणि त्याबाबत मी कोणाचेही ऐकत नाही. त्या अर्जातच दंडाचा एक भाग छापलेला असतो: जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास व्यक्तीला अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास, संस्थेला पाच लाख डॉलरपर्यंत दंड. सही करणाऱ्याची जन्मतारीख व ओळखक्रमांक अर्जात द्यावा लागतो आणि त्याच्यावर पूर्वी काही प्रतिकूल कारवाई झाली असल्यास तीही उघड करावी लागते. म्हणजे सही करणारा माणूस स्वतः त्या अर्जाचा एक भाग बनतो. वीस-बावीस वर्षांच्या मुलीने दुसऱ्याच्या नावाने कळ दाबून त्या जागी उभे राहावे, हे मला कदापि मान्य नाही.

मराठीत आपण एखादी गोष्ट पक्की झाली की तिच्यावर शिक्कामोर्तब झाले असे म्हणतो, पण शिक्का आणि मोर्तब या मुळात दोन वेगळ्या मुद्रा होत्या. शिवकालीन पत्रांत मुख्य मुद्रा वरच्या बाजूला असे आणि पत्र संपले तेथे मोर्तब उमटवले जाई. त्यावर 'मर्यादेयं विराजते' अशी अक्षरे असत. येथे पत्राची मर्यादा झाली, यापुढे कोणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे, असा त्याचा व्यवहारातला अर्थ. लिहिणारा कारकून वेगळा, मुद्रा उमटवण्याचा अधिकार वेगळा आणि मजकूर कोठे संपला हे सांगणारी खूणही वेगळी, इतकी काळजी आपल्या पूर्वजांनी घेतली होती, हे आठवले की मला फार बरे वाटते. आज मजकूर भरण्याआधीच कोऱ्या अर्जावर सही घेऊन ठेवण्याची जी पद्धत सर्रास दिसते, ती या मर्यादेच्या अगदी उलट आहे.

आता सोलापूरकडे येते. येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले, आणि उपचारांसाठी केवळ जिल्ह्यातूनच नव्हे, तर धाराशिव, लातूर आणि सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गी भागांतूनही रुग्ण येथे येतात. रुग्णालये आहेत म्हणून त्यांना सलाईन, टाके घालण्याचा दोरा, कापूस, बँडेज, हातमोजे, सुया पुरवणाऱ्या पेढ्याही आहेत, आणि त्यांतील बहुसंख्य पेढ्या कुटुंबाच्या आहेत. मी जिथे काम केले ती पेढी दोन भावांची भागीदारी होती. थोरल्या भावाला सगळे अण्णा म्हणत. ते कानडीत सही करत आणि त्यांच्या सहीचे वळण इतके ठाम होते की बँकेतील माणसे ती पाहूनच ओळखत. सही कोणत्या लिपीत आहे याला महत्त्व नसते, ती नमुन्याशी जुळते की नाही याला असते. मराठी, कानडी आणि तेलुगू एकाच बाजारात बोलल्या जाणाऱ्या या गावात हे कोणाला सांगावे लागत नाही.

अण्णांचा प्रवास फार असे, म्हणून त्यांनी पेढीच्या जुन्या दिवाणजींना मुखत्यारपत्र करून दिले होते. दिवाणजी तीस वर्षे पेढीत होते. पै-पैचा हिशेब त्यांच्या जिभेवर असे. त्या मुखत्यारपत्राच्या आधारे ते 'पेढीकरिता, मुखत्यार' असे लिहून सही करत आणि त्यात काहीच वावगे नव्हते. पुढे अण्णांचे अचानक निधन झाले. घर दुःखात होते, धाकटे भाऊ आठवडाभर दुकानात आले नाहीत, आणि त्याच आठवड्यात एका रुग्णालयाच्या पुरवठादार नोंदणीच्या अर्जाची शेवटची तारीख होती. दिवाणजींनी तो अर्ज मला टंकित करायला सांगितला, नेहमीप्रमाणे खाली सही केली आणि स्वतः नेऊन दिला. पेढीचे नुकसान होऊ नये एवढाच त्यांचा हेतू होता. स्वतःसाठी त्या माणसाने आयुष्यात कधी काही केले नाही.

त्या सहीला मात्र आधारच उरला नव्हता. अधिकार देणारा माणूस मृत्यू पावला की त्याने दिलेला प्रतिनिधीचा अधिकार संपतो, हे करार कायद्याच्या कलम २०१ मध्ये स्पष्ट आहे. त्याच कायद्याच्या कलम २०९ मध्ये एक फार सुंदर तरतूद आहे, जी मला तेव्हा ठाऊक असती तर मी दिवाणजींना दाखवली असती: मालक मृत्यू पावल्यावर प्रतिनिधीने त्याच्याकडे सोपवलेल्या हितसंबंधांच्या रक्षणासाठी मालकाच्या वारसांच्या वतीने सर्व वाजवी उपाय केले पाहिजेत. म्हणजे दिवाणजींचे कर्तव्य संपले नव्हते. गोदामाला कुलूप नीट लावणे, थंड साठवणीचा माल खराब न होऊ देणे, येणे रकमांची यादी करणे, रुग्णालयाला पत्र लिहून मुदत मागणे, हे सगळे त्यांनी करायचेच होते. पेढीला नव्या वचनात बांधणे मात्र आता त्यांच्या हाती नव्हते.

शिवाय ती पेढीच कायद्याने राहिली नव्हती. भागीदारीला किमान दोन माणसे लागतात. दोघांपैकी एक गेला की मागे उरतो तो एकटा माणूस, पेढी नव्हे. १९३२ च्या भागीदारी कायद्यानुसार प्रत्येक भागीदार हा पेढीचा प्रतिनिधी असतो आणि पेढीच्या नावाने त्याने केलेले नेहमीच्या व्यवसायातील कृत्य पेढीला बांधते, पण त्यासाठी आधी पेढी असावी लागते. औषध परवान्याचेही तसेच आहे. घाऊक विक्रीच्या २०बी आणि २१बी या परवान्यांच्या अटींतच लिहिलेले असते की पेढीच्या रचनेत बदल झाल्यास परवाना अधिकाऱ्याला लेखी कळवावे आणि नवा परवाना घेतला नाही तर जुना परवाना बदलाच्या तारखेपासून जास्तीत जास्त तीन महिनेच वैध समजावा. आम्ही तो परवाना चौकटीत घालून भिंतीवर लावला होता, रोज त्याच्याखाली बसत होतो, पण त्याच्या अटी मी त्या दिवसापर्यंत वाचल्या नव्हत्या.

काही महिन्यांनी रुग्णालयाच्या लेखा विभागाने अर्जाची तारीख आणि मृत्यूच्या दाखल्याची तारीख शेजारी शेजारी ठेवली. नोंदणी रद्द झाली, दरम्यान पुरवलेल्या मालाची बिले अडकली आणि ती सुटायला फार काळ गेला. रुग्णालयाची माणसे नियमाने वागली, त्यांचा दोष नव्हता. पण ज्या दिवशी दिवाणजींना बोलावून खुलासा विचारला गेला, तो दिवस मी विसरू शकत नाही. पंचाहत्तरीच्या घरातल्या प्रामाणिक माणसाला, ही सही तुम्ही कोणत्या अधिकाराने केली, या प्रश्नाचे उत्तर देता येईना. तो अर्ज मी टंकित केला होता, सहीच्या जागेखालची ओळही मीच नेहमीच्या सवयीने घातली होती, आणि ती ओळ घालताना थांबून विचार करण्याचे काम माझे होते.

मर्यादित कंपनी असती तर प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला असता. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम २१ प्रमाणे कंपनीच्या वतीने कागदपत्रांवर आणि करारांवर प्रमुख व्यवस्थापकीय व्यक्ती किंवा संचालक मंडळाने रीतसर अधिकार दिलेला अधिकारी अथवा कर्मचारी सही करू शकतो. म्हणून पुरवठ्याच्या प्रत्येक निविदेसोबत मंडळाच्या ठरावाची प्रत मागतात. ठरावात माणसाचे नाव, पद, कोणत्या कामासाठी अधिकार दिला आणि शक्यतो त्याच्या सहीचा नमुना असावा. 'आवश्यक त्या सर्व कागदपत्रांवर' अशी सैल भाषा सोयीची वाटते, पण वाद झाल्यावर तीच गळ्यात येते. वस्तू व सेवा कराच्या नियम २६ मध्येही हीच रचना आहे: एकट्या मालकाच्या बाबतीत तो स्वतः किंवा त्याने अधिकार दिलेली व्यक्ती, एकत्र कुटुंबाच्या बाबतीत कर्ता, भागीदारीत अल्पवयीन नसलेला कोणताही भागीदार किंवा अधिकृत स्वाक्षरीकर्ता.

डिजिटल स्वाक्षरीविषयी मात्र थोडे अधिक बोलायला हवे, कारण आपल्या गावात तिची जी हेळसांड होते ती मला पाहवत नाही. मालकाच्या डिजिटल स्वाक्षरीचे टोकन, म्हणजे ती स्वाक्षरी ज्यात साठवलेली असते ते पेनड्राइव्हसारखे उपकरण, कर सल्लागाराच्या खणात, त्यावर चिकटपट्टीने चिकटवलेल्या कागदावर पेढीचे नाव आणि त्याखालीच पासवर्ड, असे दृश्य मी किती तरी ठिकाणी पाहिले आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा स्वाक्षरीला कागदावरच्या सहीइतकीच मान्यता दिली आहे, आणि त्याच कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे स्वाक्षरीची खाजगी किल्ली आपल्या ताब्यात ठेवण्याची वाजवी काळजी घेणे हे स्वाक्षरीधारकाचे कर्तव्य आहे. कोऱ्या चेकवर सह्या करून चेकबुक दुसऱ्याच्या खणात ठेवायला जे व्यापारी कधीही तयार होणार नाहीत, तेच हे टोकन वर्षानुवर्षे परत मागत नाहीत.

आणखी एक प्रकार आहे आणि त्यात तरुण मुलींचे नुकसान होते, म्हणून तो जरा विस्ताराने सांगते. औषधांच्या घाऊक परवान्यासाठी एक सक्षम व्यक्ती दाखवावी लागते: नोंदणीकृत फार्मासिस्ट, किंवा पदवी आणि औषधांच्या व्यवहाराचा एक वर्षाचा अनुभव, किंवा मॅट्रिक आणि औषधांच्या विक्रीचा चार वर्षांचा अनुभव असलेली व्यक्ती. वैद्यकीय उपकरणांच्या विक्रीसाठीही २०२२ च्या दुरुस्तीपासून एमडी-४१ या अर्जाने नोंदणी करून एमडी-४२ हे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि तेथेही सक्षम तांत्रिक व्यक्ती दाखवावी लागते. ही व्यक्ती विक्री व साठवणीवर देखरेख करते. तिच्या ज्ञानासाठी तिचे नाव परवान्याशी जोडलेले असते. परंतु परवान्यावर नाव आहे एवढ्यावरून ती पेढीची अधिकृत स्वाक्षरीकर्ती होत नाही. तरीही औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेऊन नुकतीच नोकरीला लागलेली मुलगी समोर बसलेली असते, मालक बाहेर असतात, आणि "तुझं नाव आहेच की परवान्यावर, कर सही" असे म्हणून तिच्याकडून निविदेतली प्रतिज्ञापत्रे, दरपत्रके, पेढीवर कोणताही खटला प्रलंबित नाही अशी घोषणापत्रे यांवर सह्या घेतल्या जातात. पेढीवर खटला आहे की नाही हे त्या बिचारीला कसे माहीत असणार? ज्या गोष्टीची तिला माहिती नाही आणि जी गोष्ट तिच्या अधिकारात नाही, तिच्याबद्दल ती शपथेवर सांगून बसते. अशा मुलींना मी एवढेच सांगते की सहीच्या वर लिहिलेले प्रत्येक वाक्य मोठ्याने वाचावे, आणि 'आमच्या पेढीने' असे शब्द जेथे येतील तेथे पेन खाली ठेवून आपल्या नावाचे अधिकारपत्र मागावे. मालक रागावले तर रागावू द्यावेत.

परत आलेला तो अमेरिकेचा अर्ज आम्ही मुदतीत पुन्हा पाठवला. दुकानाच्या मालकीणबाई अधिकृत अधिकारी होत्या, त्यांनी स्वतः सही केली, आणि पुढच्या बदलांसाठी आपल्या पगारी व्यवस्थापिकेची प्रतिनियुक्त अधिकारी म्हणून रीतसर नेमणूक केली. करारावरचे गृहस्थ व्यवस्थापकांच्या यादीत पूर्वीप्रमाणेच राहिले. आमच्या मुलीने आता प्रत्येक धारिकेच्या पहिल्या पानावर, पत्त्याच्याही आधी, सही कोणाची, कोणत्या पदाने आणि त्याचा पुरावा कोणता, या तीन ओळी लिहायला सुरुवात केली आहे. ते मी तिला सांगितले नव्हते.

नव्या पेठेतील पेढीशी माझा संबंध अजून तुटलेला नाही. अण्णांच्या मागे धाकट्या भावाने वहिनींना, म्हणजे अण्णांच्या पत्नींना, भागीदार करून नवे भागीदारीपत्र केले आणि परवाने नव्याने घेतले. वैद्यकीय उपकरणांच्या नोंदणीचा अर्ज करायची वेळ आली तेव्हा धाकट्या भावांचे डोळ्याचे ऑपरेशन झाले होते, म्हणून सही वहिनींनी करायची ठरली. अर्ज मी तयार केला आणि घरी घेऊन गेले. वहिनी इतकी वर्षे भागीदार होत्या, पण बँकेखेरीज कोठे त्यांनी सही केली नव्हती. "तुम्ही भरलाय म्हणजे बरोबरच असेल," असे म्हणत त्यांनी पेन उघडले, आणि मी ते त्यांच्या हातातून काढून घेतले. मग चष्मा आणला गेला, चहा झाला, आणि त्यांनी पहिल्या ओळीपासून अर्ज वाचायला घेतला. जेथे इंग्रजी अडले तेथे मी मराठीत सांगितले. पाऊण तास गेला. गोदामाच्या पत्त्यापाशी त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "हा गाळा आपण दिवाळीच्या आधीच सोडला की. आता माल शेजारच्या गाळ्यात आहे." मी जुन्या परवान्यावरून पत्ता उतरवला होता. अर्ज मी पिशवीत परत घातला, आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून आणल्यावर त्यांनी तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला आणि मग सही केली.